अमेरिकेतली आगोट

कोकणातल्या माणसाला आगोट हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मृग आठ-पंधरा दिवसांवर आला की घराची कौले परतून घ्यायची, पडवीला झापांचा आडोसा बांधायचा, सरपण कोरड्या जागी रचायचे, डाळ-मीठ-मिरचीची बेगमी करायची आणि होड्या वाळूवरून वर ओढून झाकून ठेवायच्या. चार महिने पाऊस कोसळणार, तेव्हा मागाहून धावाधाव नको, म्हणून आधीच केलेली ही तजवीज. शहरातल्या आपल्या घरांत आगोटीचे काम आता छत्र्या दुरुस्त करण्यावर आणि गच्चीच्या भेगा बुजवण्यावर आले आहे. शब्द मात्र मोठा कामाचा आहे, आणि आज तो अशा एका जागी वापरावयाचा आहे, जिथे त्याची कोणी अपेक्षा करणार नाही.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत, म्हणजे मिनेसोटात, मिशिगनमध्ये किंवा शिकागोच्या आसपास, ऑक्टोबर सरत आला की घरमालक असाच कामाला लागतो. बागेतल्या नळाचे पाणी बंद करायचे, रबरी नळ्या गुंडाळून आत आणायच्या, खिडक्यांच्या फटी बुजवायच्या. ज्याच्या मागच्या अंगणात 'हॉट टब' आहे, त्याला त्याशिवाय आणखी एक मोठे काम असते. या तयारीला तिकडे 'विंटरायझिंग' म्हणतात. पावसाळ्याऐवजी हिवाळा घातला की ही आपली आगोटच झाली.

आता वाचक म्हणतील, टब तिकडचा, बर्फ तिकडचे. आमच्या दिवाळीच्या फराळात त्याचे काय काम? काम आहे. मुलगा, मुलगी, पुतण्या किंवा भाची अमेरिकेत नाही असे घर आपल्या ओळखीपाळखीत आता शोधून काढावे लागते. आईवडील तिकडे जातात, चार-सहा महिने राहतात. गेल्यावर आठवडाभरात मुलगा म्हणतो, "बाबा, संध्याकाळी टबात बसत जा, गुडघे मोकळे होतील. आई, तूही बस." बाबा आधी आढेवेढे घेतात आणि मग रोज बसू लागतात. पुढे डिसेंबरात तेच चिरंजीव एखाद्या लग्नासाठी सहकुटुंब पुण्याला किंवा ठाण्याला येतात, आणि टब तिकडे बर्फात एकटा राहतो. या दोन प्रसंगांपैकी पहिल्यात माणसाची काळजी घ्यावी लागते आणि दुसऱ्यात टबाची. दोन्हींचे मर्म एकच आहे, तेच येथे सांगावयाचे आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. या सदरात आपण वस्तूंबरोबर शब्दांचीही विचारपूस करतो. पण या वस्तूला मराठी नाव देताना पंचाईत होते. घंगाळ म्हणावे, तर घंगाळात माणूस बसत नाही, ते पाणी काढून घेण्याचे भांडे. हौद म्हणावा, तर डोळ्यांपुढे दगडी आणि थंडगार पाणी येते. कुंड म्हणावे, तर पाठोपाठ देऊळ आणि पुजारी आले. तेव्हा टबच बरा. चार-सहा माणसे गळ्यापर्यंत पाण्यात बसतील असे हे मोठे पात्र. त्यात सुमारे चारशे गॅलन, म्हणजे आपल्या हिशेबाने १५०० लिटर पाणी मावते. वीस लिटरच्या पंचाहत्तर बादल्या झाल्या! हे पाणी विजेवर तापते, पंपाने फिरते, गाळणीतून गाळले जाते आणि भिंतींमधल्या छिद्रांतून जोराने अंगावर येते.

त्याचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. जकूझी हे मूळचे एका इटालियन कुटुंबाचे आडनाव. हे भाऊ कॅलिफोर्नियात येऊन आधी विमानांचे पंखे आणि मग विहिरींचे पंप बनवू लागले. त्यांतल्या कान्दिदो जकूझी यांच्या लहान मुलाला संधिवात जडला. इस्पितळात मिळणारे जलोपचार त्याला घरच्या घरी मिळावेत, म्हणून या पंपवाल्यांनी न्हाणीच्या टबात ठेवण्याजोगा एक पंप तयार केला. १९५६ साली तो बाजारात आला. पुढे १९६८ मध्ये त्याच घराण्यातल्या रॉय जकूझी यांनी पंप आणि झोत टबाच्या अंगातच बसवले, आणि आजाऱ्याची सोय होती ती श्रीमंतांची चैन झाली. म्हणजे गुडघे मोकळे होतील असे म्हणणाऱ्या मुलाचे अगदीच चुकत नाही. टबाच्या या घराण्याचा मूळपुरुष औषधच होता.

पण एका बाबतीत हे स्नान आपल्या स्नानाहून अगदी वेगळे आहे. बंबातले पाणी बादलीत घेतले, तांब्याने अंगावर ओतले, की ते मोरीतून वाहून गेले. ते पुन्हा कोणाच्या अंगाला लागत नाही. आपल्या उन्हाळ्यांतही, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांतही, जमिनीतून नवे पाणी येत राहते आणि जुने वाहत जाते. टबातले पाणी मात्र तेच. आज चौघे बसले, उद्या तिघे, परवा पाहुणे. पाणी तेच, आणि तेही कायम तापलेले. आपल्या आज्या रोज सकाळी पिंपातले शिळे पाणी ओतून टाकून, भांडे घासून ताजे भरत. त्यांच्या भाषेत सांगायचे तर हॉट टब म्हणजे शिळ्या पाण्याचे भांडे. ते शिळे असूनही निर्दोष ठेवायचे, हीच त्याची सारी विद्या.

ही विद्या अवघड नाही, पण तिला रविवारची सुटी नाही. अमेरिकेत रोगनियंत्रणाचे काम पाहणारी सीडीसी ही सरकारी संस्था टबासाठी काही मापे सांगते. पाण्याच्या दहा लाख भागांत क्लोरीन निदान ३ भाग असावे. ब्रोमीन वापरत असाल तर निदान ४ भाग. पाण्याचा आम्लपणा ज्या आकड्याने मोजतात तो पी-एच ७.० ते ७.८ यांच्या दरम्यान असावा. उष्णता ४० अंश सेल्सियसच्या, म्हणजे १०४ अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ नये. ही मापे पाहण्यासाठी रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. पट्टी पाण्यात बुडवायची आणि डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायची. आमटीत मीठ किती ते चाखून पाहण्याइतकेच हे सोपे, फक्त येथे चाखायचे नाही.

यांत पी-एचचे महत्त्व लोकांच्या ध्यानात येत नाही. क्लोरीन घातले म्हणजे झाले, असे त्यांना वाटते. परंतु पाण्यात पडलेल्या क्लोरीनचा काही भागच जोमाने जंतू मारतो, आणि तो भाग किती हे पी-एचवर ठरते. पी-एच ७.५ च्या आसपास असला तर साधारण निम्मे क्लोरीन कामाला येते. तो ८ वर गेला की जेमतेम पाव. म्हणजे पट्टीवर क्लोरीन पुरेसे दिसते, पण त्यातले बरेचसे हात बांधून बसलेले असते. शिवाय टबातल्या बुडबुड्यांमुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पी-एच आपोआप वर चढत राहतो. उलट तो फार खाली गेला, तर पाणी तापवणारी नळी आणि पंपाचे धातूचे भाग खाल्ले जातात. गरम पाण्यातून क्लोरीनही लवकर सरते. काल मापे बरोबर होती, ही गोष्ट आज उपयोगी पडत नाही, ती एवढ्यासाठी.

दुसरा एक गैरसमज वासाचा. टबाला क्लोरीनचा उग्र वास आला की लोक म्हणतात, वा, पाणी स्वच्छ दिसते! खरे तर तो डोळे चुरचुरवणारा वास निव्वळ क्लोरीनचा नसतो. घाम, मळ आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे पदार्थ बनतात, त्यांचा तो वास. तो आला तर पाण्यात माणसांची घाण वाढली आहे आणि क्लोरीन तिच्याशी झुंजण्यात खर्ची पडते आहे, असे समजावे. म्हणून टबात उतरण्यापूर्वी साध्या पाण्याने अंग धुऊन घ्यावे. जपानी लोक आपल्या गरम कुंडांत आधी स्वच्छ अंघोळ करून मगच उतरतात, ही रीत फार शहाणपणाची आहे.

दिवाळीचे दिवस आहेत, म्हणून आणखी एक सूचना. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल-उटणे लावून कोणी टबात उतरू नये. कल्पना मोठी रम्य आहे: बाहेर थंडी, वर तारे, हातात चहाचा कप. परंतु तेल पाण्यावर तवंग धरते, उटणे गाळणीत जाऊन बसते, आणि दोन्ही मिळून क्लोरीन खाऊन टाकतात. एका अभ्यंगस्नानात पंचाहत्तर बादल्या पाणी फुकट जायचे. अभ्यंग न्हाणीघरात बादली-तांब्याने करावे. ती आपली पद्धत अजून कोणी सुधारलेली नाही.

पाणी कितीही जपले तरी ते केव्हातरी बदलावेच लागते. केव्हा, याचा एक सोपा हिशेब आहे. टबातल्या गॅलनांना तिनाने भागावे आणि आलेल्या आकड्याला रोज उतरणाऱ्या माणसांच्या संख्येने भागावे. तेवढ्या दिवसांनी पाणी बदलावे. चारशे गॅलनांचा टब आणि रोज दोघे, तर सुमारे ६६ दिवस. भारतातून आईबाबा आले आणि रोज चौघे बसू लागले, की मुदत ३३ दिवसांवर आली. पाहुणे आले की दूध वाढवून घ्यावे लागते, तसेच हे. पण दुधाची आठवण सगळ्यांना होते आणि पाण्याची होत नाही, कारण पाणी निळे आणि नितळ दिसत असते.

नितळ पाण्याने काय होते, याचा धडा जगाला फार महागात मिळाला आहे. १९७६ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेचे अधिवेशन एका मोठ्या हॉटेलात भरले होते. अधिवेशनानंतर माणसे तापाने आणि न्यूमोनियाने फणफणू लागली. एकूण ३४ जण दगावले. कारण कोणाला उमगेना. शेवटी १९७७ च्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी एक नवा जंतू शोधल्याचे जाहीर केले, आणि त्या सैनिकांवरून त्याला लीजिओनेला हे नाव पडले. हा जंतू पाण्यात राहतो. २५ ते ४५ अंश सेल्सियस उष्णतेत तो सुखाने वाढतो, आणि टबाचे पाणी असते ३८ ते ४० अंशांवर. नळ्यांच्या आतून जो बुळबुळीत थर धरतो, त्यात तो दडून बसतो. टबातले बुडबुडे फुटले की पाण्याचे अतिसूक्ष्म कण हवेत उडतात. त्यांच्यावर स्वार होऊन तो श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतो.

म्हणजे पाण्यात उतरलेच पाहिजे असेही नाही. १९९९ च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेल या गावी फुलांचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे विक्रीसाठी मांडलेले असे टब बुडबुडे सोडीत चालू ठेवले होते. त्यांत कोणी स्नान करीत नव्हते. लोक नुसते जवळून जात होते. त्या प्रदर्शनाहून परतलेली सुमारे २०० माणसे आजारी पडली आणि किमान ३२ मृत्यू पावली. ज्या टबात कोणी उतरत नाही, त्याच्या पाण्याची काळजी कशाला, असे ज्याला वाटत असेल, त्याने हे गाव ध्यानात ठेवावे.

हा आजार सरसकट सगळ्यांना होत नाही. पन्नाशी उलटलेल्यांना, धूम्रपान करणाऱ्यांना, फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांना, मधुमेहाने किंवा अन्य आजाराने प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना त्याचे भय अधिक. थोडक्यात म्हणजे गुडघे मोकळे करण्यासाठी टबात बसवलेल्या बाबांना! संसर्गानंतर साधारण २ ते १४ दिवसांत ताप, खोकला, धाप सुरू होते. एवढ्या अवधीत बाबा मुंबईच्या विमानतळावर उतरून घरी पोचलेलेही असतात. ताप आला की प्रवासाचा शीण म्हणून घरगुती काढा सुरू होतो, आणि डॉक्टरांना अमेरिकेतल्या टबाविषयी सांगण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. ते अवश्य सांगावे. न्यूमोनियाला नेहमी देतात त्या पेनिसिलीनच्या जातीच्या औषधांना हा जंतू दाद देत नाही. त्याला वेगळी औषधे लागतात, आणि ती आहेत. डॉक्टरांना सांगितलेले ते एक वाक्य वेळेवर बोलले गेले, तर जीव वाचवू शकते. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी तर टबात उतरण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पाच वर्षांखालच्या नातवंडांना त्यात मुळीच उतरवू नये.

आता थंडीकडे वळू. पाणी गोठताना फुगते, ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. किती फुगते? सुमारे नऊ टक्के. फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली तडकते ती त्यामुळेच. मिनेसोटात जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांवर उतरला तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. अशा वेळी टबातले मोठे पाणी बराच वेळ तग धरते. आधी गोठते ते नळ्यांच्या वळणांत आणि पंपाच्या पोटात अडकलेले थोडेसे पाणी. तेवढ्या थोडक्या पाण्याने नळी उभी चिरते. गंमत अशी की चिरल्याचे तेव्हा कळत नाही, कारण बर्फ गळत नाही. वसंतात बर्फ वितळले, की पाणी भलत्याच वाटेने बाहेर येऊ लागते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, टब हिवाळाभर चालू ठेवणे. पुष्कळ लोक तेच करतात, आणि भोवती बर्फ पडत असताना वाफाळत्या पाण्यात बसण्याचे सुख मोठे आहे, हे कबूल केले पाहिजे. नव्या टबांत थंडी वाढली की पंप आपोआप सुरू करणारी योजना असते. तिची सारी भिस्त मात्र विजेवर. हिमवादळात तारा तुटल्या आणि घरात कोणी नसले, तर ती योजना आणि टब दोघेही एकत्र गारठतात. म्हणून टब चालू ठेवायचा, तर घरात रोज त्याकडे पाहणारे माणूस हवे आणि पाण्याची मापेही रोजच्यासारखी सांभाळायला हवीत. थंडीत जंतू कुठले, हा युक्तिवाद चालत नाही. थंडी टबाच्या बाहेर असते.

दुसरा उपाय आगोटीचा: टब पुरता रिकामा करणे. पाणी सोडण्याआधी काही दिवस क्लोरीन घालणे थांबवावे, म्हणजे ते उतरेल आणि झाडाझुडपांना बाधणार नाही. पाणी कुठे सोडायचे याचे गावोगावचे नियम असतात, ते पाळावेत. रिकामा करण्याच्या दिवशी पहिले काम म्हणजे विजेचा मुख्य खटका बंद करणे. मग तळाचे बूच काढून पाणी वाहू द्यावे. पुष्कळांची आगोट येथेच संपते, आणि खरी येथेच सुरू होते. गाळण्या काढून, धुऊन, वाळवून घरात ठेवाव्यात. पंपाची बुचे काढावीत, तेथले जोड सैल करावेत. पाणी ओढणारा व्हॅक्यूम मिळतो, त्याने प्रत्येक झोताच्या छिद्रातून हवा मारून नळ्यांतले पाणी बाहेर काढावे. तळाशी उरलेले जुन्या पंचाने टिपून घ्यावे. तरीही एखाद्या वळणात पाणी राहतेच. त्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचे, विषारी नसलेले अँटिफ्रीझ नळ्यांत ओततात. मोटारीच्या रेडिएटरचे मात्र कदापि ओतू नये. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते, आणि ते विष आहे. शेवटी झाकण पट्ट्यांनी घट्ट बांधावे. मुलेबाळे आत पडू नयेत आणि बर्फाचे पाणी आत झिरपू नये, म्हणून हे दोन्हींसाठी आवश्यक. वसंतात टब भरताना नळ्या धुऊन ते अँटिफ्रीझ पूर्ण काढून टाकावे, आणि मापे जुळल्यावरच पहिल्या माणसाने पाय ठेवावा.

हे दोन्ही उपाय चांगले आहेत. वाईट आहे ती मधली वाट. "तीन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे, हीटर थोडा कमी करून ठेवू, पाणी राहू दे, आल्यावर पाहू." ही वाट धरली की वीज गेल्यास नळ्या फुटतात, आणि वीज राहिल्यास तीन आठवडे कोमट, क्लोरीन सरलेले पाणी जंतूंना आंदण मिळते. परत आल्यावर प्रवासाने थकलेला माणूस झाकण उघडतो, पाणी नितळ दिसते, आणि तो सरळ आत बसतो. काळजी घ्यायची तर रोज घ्यावी, नाहीतर भांडे पालथे घालावे; आपल्या आज्या पिंपाच्या बाबतीत हेच करीत आल्या. गावाला जाताना त्यांनी पिंप अर्धे भरून ठेवल्याचे कोणी पाहिले आहे काय?

दिवाळीत मुलांचे फोन येतील. फराळाचा डबा पोचला का, नातवाचे इंग्रजी किती आणि मराठी किती, ही चौकशी होईलच. त्यात एक प्रश्न वाढवावा: "डिसेंबरात तुम्ही सगळे इकडे येणार, तर टबाचे काय केलेस?" तो म्हणेल, "अहो बाबा, अजून थंडी कुठे पडलीय?" तेव्हा त्याला सांगावे, की कौले मृगाच्या आधी परततात.